मी तं नुसता वाढपी

चेटुले सरांविषयी चांगलं बोलायचं म्हणजे मला आधी गिलासभर पाणी प्यावं लागतं. वाईट बोलायचं तर तासभर बोलेन, तेही न थांबता. पण गंमत अशी, की माझं बोलून झालं की ऐकणारा म्हणतो, "बाई, हे तर तुम्ही त्यांचं कौतुकच केलं." आता याला काय म्हणावं? या माणसाला शिव्या दिल्या तरी त्या त्याच्या अंगावर फुलांसारख्या पडतात.

दिघोरीपासून आत गेलं की तलावाच्या पाळीला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन मास्तर. त्यातली एक मी, हटवार बाई. मी गणित शिकवते आणि चांगलं शिकवते. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी तसं म्हटल्याचं तेव्हा तरी माझ्या कानावर आलं नव्हतं. माझ्या जोडीच्या जागेवर चेटुले सर बदली होऊन आले आणि चार-पाच वर्षं राहिले. तेवढी वर्षं मी रोज सकाळी दुधाच्या गाडीत बसून शाळेत जायचे आणि रोज संध्याकाळी जळत घरी यायचे.

दिसायला काही नाही. ठेंगणे, पोट पुढं आलेलं, आवाज बसलेला. शर्टाच्या खिशात कायम फुटाणे. कोणाशी बोलायचं झालं की आधी त्याच्या तळहातावर चार फुटाणे ठेवायचे आणि मग तोंड उघडायचं. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, ही काय सवय?" तर म्हणाले, "बाई, हात भरलेला असला की माणूस हात हलवून नाई म्हणत नाई." आणि बोलता बोलता माझ्याही तळहातावर चार फुटाणे आलेले. मी ते खाल्ले, हे आणखी वाईट.

ते तुमसरकडचे. मास्तरकी लागायच्या आधी बापाबरोबर आठवडी बाजारात टिकल्या, फण्या, रिबिनी विकायचे. दुसरा कोणी असता तर हे लपवलं असतं. हे मात्र अधिकाऱ्यांसमोरही सांगायचे, वर बापाचं वाक्य ऐकवायचे, "गिऱ्हाईक फणी नाई घेत. फणी घेतल्यावर आपण कसे दिसू, थे घेते." अधिकारी हसायचे, मान डोलवायचे आणि वहीवर लिहून घ्यायचे. मी इतकी वर्षं त्याच अधिकाऱ्यांसमोर दशांश अपूर्णांकाची माझी पद्धत मांडत होते, तेव्हा कोणी पेनाचं टोपण काढलं नाही.

पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. ते म्हणाले, "बाई, शाळा विकावी लागन." मी ताडकन म्हटलं, "शाळा काय वांगी आहेत, बाजारात नेऊन विकायला?" तर शांतपणे म्हणाले, "वांगी बरी जी. वांगं दाबून पायता येते. शिक्षण काई दाबून पायता येत नाई, म्हणून त्याले जास्त विकाव लागते. डॉक्टर काय करते? गोळी तं दुकानात मिळते, थो भरोसा विकते. नर्सबाई सुई विकते. दंडारीच्या खेळातला नाच्या आपलं रडणं विकते. ज्याले विकता नाई येत, त्याचं खरं असलं तरी घरीच पडून रायते."

खरं असून घरीच पडून राहिलेलं म्हणजे कोण, हे मला कळायचं ते कळलं. मी त्या दिवशी त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजीसुद्धा घेतली नाही.

शाळेच्या कौलांचं उदाहरण सांगते. पावसाळ्यात आमच्या एका खोलीत धार लागायची. मी अर्ज करून करून थकले होते. चेटुले सरांनी एकही अर्ज केला नाही. ऐन श्रावणात त्यांनी सरपंचांना बोलावलं, "साहेब, पोट्ट्यांना आपल्या तलावाची गोष्ट सांगा. तुमच्यासारखी कोणाले नाई येत." सरपंच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सरांनी त्यांची खुर्ची अशी मांडली की बरोबर डोक्यावर गळकं कौल. गोष्ट तलावाची आणि तलाव सरपंचांच्या मानेवर! मधे मी खुर्ची सरकवायला उठले, तर सरांनी डोळ्यानंच मला खाली बसवलं. आठवड्याच्या आत छप्पर झालं. आणि गावभर सरपंच सांगत होते, "मीच पाहिलं म्हणून, नाहीतर या मास्तर लोकांना तोंड असते का?" मी सरांना म्हटलं, "अहो, श्रेय तेच घेऊन राहिले." ते म्हणाले, "घेऊ द्या नं. ज्यानं श्रेय घेतलं, थो मोडलं तं दुरुस्तही करते."

हे असं. म्हणजे भांडायलाही जागा ठेवायची नाही.

गावात कोणाकडं लग्न असो की बारसं, चेटुले सर पंगतीला बसायचे नाहीत. कमरेला टॉवेल बांधून वाढायला उभे राहायचे. बुंदी वाढताना मुठीत तेवढीच घ्यायचे जेवढी इतरांना, पण हात असा वरून आणायचे आणि "घ्या जी मामा, तुमाले कायची लाज" असं काही म्हणायचे, की प्रत्येकाला वाटायचं, गुरुजीनं आपल्याला जास्त वाढलं. मी बायकांच्या पंगतीतून बघत बसायचे. मागं चुलीजवळ सयपाक करणारे घामानं निथळत असायचे, त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. नाव वाढप्याचं. मला वाटायचं, आमच्या शाळेतही हेच चाललंय. पाढे मी घोकून घ्यायचे, हातचे मी शिकवायचे, आणि रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, "चेटुले गुरुजीची शाळा." माझी शाळा कधी त्यांची झाली, मला कळलंसुद्धा नाही.

मग पिवळी गाडी आली. दूरच्या एका इंग्रजी शाळेची गाडी गावात यायला लागली आणि एकेक पोर गळ्यात टाय अडकवून तिच्यात बसायला लागलं. आमचा पट घसरत चालला. आणखी घसरला तर आमची शाळा बंद करून उरलेली मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवायची, असं वरून कळलं. म्हणजे रोज दोन कोस. ज्यांच्या घरी गाडीला द्यायला पैसे नाहीत, त्यांच्या पोरी तेवढं चालणार नव्हत्या, घरीच बसणार होत्या. हे मला आणि सरांना दोघांनाही स्पष्ट दिसत होतं.

सर म्हणाले, "बाई, तुमी वर्गात राहा. मी घरोघरी फिरून येतो."

मी का म्हणून वर्गात राहू? मला समजलं, हे आता मला गावासमोर येऊसुद्धा देणार नाहीत. मी त्याच संध्याकाळी पदर खोचून परसराम नाकाड्याच्या घरी गेले. त्याची पोरगी दुसरीत माझ्याकडं होती, हुशार, आणि तो तिला गाडीत बसवणार होता. मी मातृभाषेचं महत्त्व सांगितलं, पाया कसा पक्का होतो ते सांगितलं, टाय बांधून अक्कल येत नाही हेही सांगितलं. परसरामनं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो मी घाईत नको म्हटला. मग परसराम खाली बघत म्हणाला, "बाई, तुमचा पोरगा कुठी शिकला जी?"

माझा मुलगा भंडाऱ्याला इंग्रजी शाळेत शिकला. आम्ही तिथं राहत होतो, घराजवळ तीच शाळा होती, मग काय करायचं होतं? पण हे उत्तर त्या अंगणात उभं राहून देता येईना. मी चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी चेटुले सर त्याच परसरामकडं गेले, पण घरी नाही, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. पऱ्हे टाकायचे, रोपांसाठी बी पेरायचे दिवस होते. हे आपले पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि त्याच्याबरोबर शेताच्या कडेच्या धुऱ्याची माती ओढायला लागले. हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं. दुपारी परसराम स्वतः शाळेत येऊन पोरीचं नाव कायम ठेवून गेला. मी विचारलं, "काय सांगितलं रे तुला सरांनी?" तो हसला. "गुरुजीची गोष्ट गुरुजीपाशी, बाई."

सरांची स्वतःची मुलगी आमच्याच शाळेत होती, पहिलीत. तुमसरला चांगल्या शाळा असताना त्यांनी तिला इथं आणलं होतं. म्हणायचे, "दुकानदारानं आधी आपली फणी आपल्या डोक्यात घालावी." मला ऐकवूनच म्हणत असतील, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

दिवाळी झाली की आमच्याकडं मंडई असते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, शिंगाडे, ऊस, जलेबी, बांगड्यांची दुकानं लागतात, रात्री नाटक. मुलामुलींची लग्नंही इथंच नजरेत भरतात. त्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं की मंडईत शाळेचं दुकान मांडायचं.

"मंडईत?" मी म्हटलं. "जलेबीच्या बाजूला?"

"तिथंच तं गर्दी रायते, बाई. जूनमधे काई गिऱ्हाईक ठरवत नाई. जूनमधे थो ठरवलेलं घेऊन येते. मन मंडईतच ठरते. इकडं साळभाऊचं पोट्टं टायमधे दिसते, तिकडं बायको कोपर मारते, अन् झालं. तुमी पोट्टे तयार करा, दुकान मी लावतो."

म्हणजे पुन्हा चूल माझी. मी महिनाभर पोरांकडून तयारी करून घेतली. चिडून घेतली, म्हणून जरा जास्तच चांगली झाली. मंडईच्या दिवशी सरांनी शिंगाड्यांच्या ढिगाशेजारी एक चटई अंथरली, त्यावर आमची पोरं बसवली आणि वर पाटी लावली, 'वाचून मिळेल. हिशोब करून मिळेल.' लोक आधी हसले. मग एकजण खताच्या थैलीवरचं वाचून घ्यायला आला, एकजण मोबाइलवरचा मेसेज. बांगडीवाला तर आमच्या चौथीच्या पोरीला शेजारी बसवून तिच्याकडूनच बेरजा करून घ्यायला लागला.

एक म्हातारी डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन आली, वर दवाखान्याची मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. परसरामच्या पोरीनं ती घेतली आणि मोठ्यानं वाचून सांगितलं, कोणत्या डोळ्यात, किती वेळा. म्हातारी म्हणाली, "बापा! अन् मी हप्त्यापासून दोन्ही डोळ्यात टाकून राहिली." तिच्याबरोबर तिचा नातू होता, पिवळ्या गाडीवाला. म्हातारीनं बाटली त्याच्यापुढं केली, "तुले नाई का रे वाचता आलं?" पोरगं रडकुंडीला आलं.

माझ्या ओठावर आलं होतं, की बघा, हेच सांगत होते मी. सर माझ्या आधी पुढं झाले. पोराच्या हातावर फुटाणे ठेवले, त्याला चटईवर बसवलं आणि म्हणाले, "याले इंग्रजी कविता येते, आयका." त्यानं कविता म्हटली. आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सर म्हातारीला म्हणाले, "हेही येते, थेही आलं पायजे. येईल, काई वेळ नाई लागत." बस, एवढंच. गाडीविरुद्ध एक शब्द नाही.

संध्याकाळी सरपंचांनी नाटकाच्या मंचावर बोलावून चेटुले सरांच्या गळ्यात हार घातला. मी मंचाच्या मागं पोरांना पाणी देत उभी होते. मला हेवा वाटला. साधासुधा नाही. त्या पोरीचं वाचन माझं होतं. त्या बेरजा माझ्या होत्या. माझ्या हातात पाण्याचा मग होता आणि त्यांच्या गळ्यात झेंडू. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस मास्तर नाही, फेरीवाला आहे." नवरा म्हणाला, "मग शाळा भरली का?" मी ताट सरकवून उठले.

शाळा भरली. पुढच्या जूनमधे म्हातारीचा नातू आला, त्याच्यामागं आणखी आले.

आणि पुढं दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, सरांची बदली झाली. पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नाकाडोंगरीकडं, जंगलाच्या अंगाला. खरं तर मला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. पण मी हजेरी काढून पट मोजायला बसले. त्यांच्या जागी लगेच कोणी येणार नव्हतं. जूनमधे पट टिकवायचा कोणी? गाडीवाल्यांनी तर सर जाणार म्हणून गावात फेऱ्याही सुरू केल्या होत्या.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "सर, मला हे जमत नाही. मी दारात उभी राहिले तर लोक दार लावून घेतील."

"नाई लावत," ते म्हणाले. "फक्त एक करा बाई. चाय नको म्हणू नका." आणि खिशातली फुटाण्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवून बस पकडायला गेले. निरोपाचं भाषणसुद्धा मला करू दिलं नाही. मी लिहून आणलं होतं, चांगलं खोचक.

जूनमधे मी निघाले. पर्समधे फुटाण्यांची पुडी. तिची लाज वाटत होती, म्हणून वर रुमाल टाकला होता. पहिलं घर गावाच्या टोकाचं, पोरगं पहिलीत घालायच्या वयाचं. मी दारात उभी राहून वाक्याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्या घरची सून बाहेर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमीच का जी हटवार बाई? या नं, बसा. आमी वाटच पाहून राहिलो होतो, का बाई कधी येतीन."

मी म्हटलं, "माझी?"

"गुरुजी सांगून गेले नं. म्हणे, मी तं नुसता वाढपी आहो. सयपाक सारा हटवार बाईचा. वाढप्याची काय, बदली होत रायते. सयपाकीण हाये तोपर्यंत पंगत उठत नाई."

मला वाटलं, सर जाता जाता औपचारिक बोलले असतील. पण पुढच्या घरी म्हातारी म्हणाली, "तुमी कडक हायेत म्हणे. गुरुजी म्हणत होते, कडक वाळल्याशिवाय धान टिकत नाई, तशा हायेत आमच्या बाई." त्याच्या पुढच्या घरी तेच. शेवटी मी परसरामकडं गेले आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी बांधीत सर तुला काय बोलले होते?"

"तुमचीच गोष्ट, बाई. म्हणे, पोरीले हिशोबात कोणी फसवू नाई असं वाटत असन तं हटवार बाईच्या हातातून काढू नको. अशी गणिताची बाई जिल्ह्यात नाई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"गुरुजी म्हणाले होते, बाईले सांगू नको. बाईच्या डोक्यात हवा गेली तं सयपाक बिघडते."

परसरामच्या बायकोनं चहा आणला. मी घेतला. साखर फार होती, तरी संपवला. चार-पाच वर्षं हा माणूस बांधीबांधीतून, ओसरीओसरीतून मला विकत होता. मला! आणि मला वर्गात बसवून ठेवलं होतं, कारण विकायचा माल दुकानात असावा लागतो. मी जळत होते तेव्हा गाव माझं नाव घेत होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येऊ दिलं नाही. मला भरून आलं आणि तितकाच रागही आला. चाळीस तोळ्यांचा दागिना असावा आणि तो माझ्या मागं पाठीवर बांधलेला असावा, तसं झालं. माझं कौतुकसुद्धा माझ्यापेक्षा याच माणसाला चांगलं जमलं.

पट टिकला. शाळा आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नणंदेकडं मंडईला गेले. तिचं गाव नाकाडोंगरीच्या बाजूला. दुपारी दुकानांमधून फिरताना एक बसलेला आवाज ओळखीचा वाटला. उसाच्या मोळ्यांच्या शेजारी चटई, चटईवर पोरं, आणि त्यांच्यामधे चेटुले सर. पोट थोडं आणखी पुढं आलेलं. पाटी वेगळी होती, कारण इथली पोरं एका भिंगातून लोकांना शिंगाड्याच्या पाण्यातले किडे दाखवत होती. लोक ओणवे होऊन बघत होते आणि "बापा!" म्हणत होते. मी बायकांच्या घोळक्यात मागं थांबले.

सर एका म्हाताऱ्याच्या तळहातावर फुटाणे ठेवत होते. "मी तं नुसता वाढपी आहो, मामा," ते म्हणाले. "सयपाक सारा आमच्या उईके सरांचा. असा विज्ञानाचा माणूस जिल्ह्यात नाई."

घ्या! म्हणजे जिल्ह्यात नाही ते आता दोन झाले. तेच वाक्य, तोच आवाज, तेच फुटाणे. मला तोच जुना हेवा वाटला, फक्त या खेपेला दुसऱ्याच माणसाचा. मी कान देऊन ऐकलं, 'कडक' शब्द येतो का. धान वगैरे काही आलं नाही. तेवढं मात्र माझं माझ्याकडंच राहिलं.

चटईच्या मागच्या बाजूला एक तरुण सर पोरांना पाणी देत उभे होते. हातात मग. चेटुले सरांच्या पाठीकडं बघत होते आणि तोंड असं केलेलं, की मी ते तोंड आरशात चार-पाच वर्षं रोज बघितलंय. उसाच्या चरख्याच्या आवाजात त्यांना पलीकडचं एक अक्षर ऐकू जात नव्हतं.

मी दोन पावलं त्यांच्याकडं गेलेसुद्धा. सांगावं, की बाबा, तुझंच नाव घेऊन राहिले ते. मग थांबले. मला हे कळायला चेटुले सरांची बदली व्हावी लागली होती. याला मी आजच, मंडईत, फुकटात का सांगू?

नणंदेला म्हटलं, "चल, जलेबी घेऊ."